बाजाराला दिलेली जीभ

डिगंबर भारंबेनं वाटी दोन बोटांनी लांब सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“एक घोट घ्या ना,” हेमलता म्हणाली. “सकाळपासून पोटात काही नाही.”

“ही डाळ आपली नाही.”

“आपली नाही तर कुणाची? तुमच्यासमोर घुटली मी.”

“कुणाची ते तुला माहीत. परक्या घरचं आणून मला भरवू नकोस.”

त्याचा आवाज घशातून खरवडत यायचा. उमेदीत हा माणूस विजेच्या खांबावर चढून खालच्या माणसाला शिव्या घालायचा तेव्हा अर्धं रावेर ऐकायचं. वीजमंडळात लाइनमन म्हणून त्यानं आयुष्य काढलं, आणि गालात तंबाखूचा बार धरूनच काढलं. घशात गाठ आली, किरणांचे शेक झाले, गाठ गेली. पण शेकांनी जीभ जवळजवळ जाळून टाकली होती. गहू, तांदूळ, दूध, फळ, काहीही तोंडात घातलं तरी ओला चिखल घातल्यासारखं वाटायचं आणि घास घशाशी अडायचा.

एक उडदाची डाळ तेवढी उतरायची. सालासकट शिजवून घुटलेली, लसणाची फोडणी दिलेली, वर घरच्या काळ्या मसाल्याची चिमूट. त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करायची. शेक संपल्यापासून तो याच्यावरच जगला होता.

जळगावच्या डॉक्टरांनी त्याचं कारण नीट समजावून सांगितलं होतं. चव नुसती जिभेवर नसते. जीभ एक लहानशी खूण देते आणि बाकीची चव मेंदू जुन्या आठवणीतून भरून काढतो. धड माणसाच्या हे लक्षात येत नाही, कारण त्याची जीभ भरपूर सांगत असते. डिगंबरच्या जिभेला आता एखादा शब्द कुजबुजण्याएवढंच बळ होतं. तेवढ्या एका शब्दावरून मेंदूनं सगळं वाक्य ओळखायचं. ते ओळखीचं असलं तरच घास खाली जाणार. “त्यांना रोजचं द्या,” डॉक्टर म्हणाले होते, “अगदी तुमच्याच हातचं.”

आणि आता तो म्हणत होता, हा हात तुझा नाही.

आधी नुसती कुरकुर होती. मग वाटीतली अर्धी डाळ उरायला लागली. या उन्हाळ्यात नवा काळा मसाला झाला, जुनी बरणी धुऊन पालथी घातली, आणि त्यानं घास घेणंच सोडलं. गळ्याची हाडं वर आली. दवाखान्यात नाकातून नळी घातली तर ती त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढली. “गुरासारखं नाकात वेसण घालून मला जगायचं नाही,” म्हणाला.

भुसावळहून त्याची बहीण शैला आली. हेमलता ज्या सासूच्या हाताखाली शिकली, तिच्याच हाताखाली शिकलेली. तिनं डाळ केली, मसाला त्याच नव्या बरणीतला; त्यानं अर्धी वाटी खाल्ली आणि पुढं खाईना. जाताना शैलानं हेमलताला बाजूला घेतलं.

“वहिनी, राग मानू नका. तुमची डाळ मीही खाल्ली. चांगली होती. पण आईची नव्हती. त्यात गूळ घातला होता का?”

“गूळ? उडदाच्या डाळीत? व माय, शैलाताई, काय बोलताय!”

शैला गेल्यावर हेमलता स्वयंपाकघरात आली आणि डब्यांकडे बघत उभी राहिली. गुळाचा डबा नेहमी वरच्या फळीवर असायचा. तो खाली, मिठाशेजारी आला होता. कधी आला, कुणी आणला, तिला आठवेना. घरात स्वयंपाक करणारी ती एकटीच होती.

*

तापीकाठ फूड्सचा कारखाना गावाबाहेर, केळीच्या बागा संपतात तिथं. हेमलता तिथं मसाल्याच्या खात्यात लागली तेव्हा माल खोक्यात भरून परदेशी जातो एवढंच तिला ठाऊक होतं. परदेश म्हणजे तिला वाटायचं, एक लांबची पेठ असावी, आपल्या शनिवारच्या बाजारासारखी, फक्त मोठी. बाजारखात्याचा प्रमुख अद्वैत केसकर पुण्याहून आला आणि त्यानं बायकांना समोर बसवून ती समजूत पुसली.

“सगळ्या जगाला एक माल विकता येत नाही, ताई. आधी गिऱ्हाइकांचे गट पाडायचे. मग आपल्याला पेलेल आणि परवडेल असा गट निवडायचा. मग त्या गटाच्या मनात आपल्या मालाला जागा करून द्यायची. डाळ एकच. एका गावी ती व्यायाम करणाऱ्यांचं सूप, दुसऱ्या गावी कामावरून थकून आलेल्या बाईचं आयतं गरम जेवण.”

“म्हणजे साहेब,” मागून एक बाई म्हणाली, “नवरी तीच, पाहुणे बघून साडी बदलायची.”

हशा झाला. केसकरही हसला. माणूस वाईट नव्हता.

पूर्वी हे गट देशावरून, वयावरून, मिळकतीवरून पाडत. लोकांना प्रश्न विचारत. पण लोक सांगायचे एक आणि उचलायचे दुसरंच. मग जिभेचा नकाशा निघाला. रसायनाचे ठिपके असलेली कागदी पट्टी जिभेवर ठेवायची आणि फोनसमोर बसायचं. लाळेत काय उतरलं आणि चेहऱ्यावरची कुठली बारीक शीर हलली, ते यंत्र वाचायचं. दूरदूरच्या देशांतल्या माणसांच्या पट्ट्या जमल्यावर कळलं की जिभा सरहद्दी मानत नाहीत. फिनलंडमधला शिक्षक आणि कॅनडातली नर्स एका गटात पडत होते, आणि एकाच घरातले दोन भाऊ वेगळ्या.

पण नकाशा असून चव तर कुणीतरी घ्यायला हवी. आणि तिथंच शास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी फार जगत नाहीत. थोड्या दिवसांत जुन्या झडतात आणि खालच्या बीजपेशींतून नव्या उगवतात. नाकाच्या आतही तसंच, जरा सावकाश. कुठला कडूपणा बोचावा, कुठला गोडवा पुरेसा वाटावा, हे त्या पेशींवरच्या चव पकडणाऱ्या रेणूंवर ठरतं. मग त्या बीजपेशींनाच नवी शिकवण दिली तर? निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर ती शिकवण बसवायची, मलमासारख्या जेलमध्ये कालवायची आणि ते जेल जिभेला चोळायचं. नाकात फवारा मारायचा. महिन्या-दोन महिन्यांत रावेरच्या बाईच्या तोंडात उत्तर युरोपची जीभ उगवते. तिला जे आवडेल ते तिथं खपेल. असल्या बाईला कंपनीत ‘नमुना’ म्हणत.

हेमलता नमुना झाली ती डिगंबरसाठी. नमुन्याच्या घरच्या माणसाचे सगळे उपचार कंपनी करणार होती, आणि त्याच आठवड्यात जळगावहून गाठीचा निकाल आला होता. तिच्या वाट्याला गट सात आला. या गटाला कडवट, करपट अजिबात सोसत नाही आणि तिखटाखाली गोडाची पुसटशी गादी लागते.

नमुना होताना डॉ. नसरीन तडवीनं तिला विचारलं होतं. नसरीन यावलची, कंपनीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. बोलायला सरळ. “काकू, घरचा स्वयंपाक तुम्हीच करता ना? अडचण नाही होणार?”

त्यावर हेमलता हसली होती. “मी स्वयंपाक करताना चव घेतच नाही, बाई. आमच्याकडं ती रीत नाही.”

आणि ते खरंच होतं. तिच्या सासूचा दंडक होता की देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पातेल्यातला थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. उष्टं होतं. मीठ हाताला कळलं पाहिजे, फोडणी कानाला. सून म्हणून घरात आली तेव्हापासून हेमलतानं एकदाही डाव तोंडाला लावला नव्हता. तेव्हा तिला वाटलं, जीभ देऊन टाकली म्हणून काय बिघडतं? स्वयंपाकाला ती लागतच नाही.

*

आता ती नसरीनसमोर बसली होती. हातात डब्यात डाळ.

“हात कसा बदलेल?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. “जीभ बदलली, मान्य. पण मी चाखतच नाही ना. मूठ तीच, चिमूट तीच. मग?”

नसरीननं डाळ थोडी काचेच्या ताटलीत काढून यंत्राखाली ठेवली, थोडी स्वतः खाल्ली.

“काकू, करताना चाखत नाही. पण नंतर जेवता की नाही?”

“जेवते की.”

“जेवताना कधी वाटायचं का, आज मीठ जरा चढलं, लसूण जरा जास्त तळला गेला?”

“वाटायचंच. मग दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्यायचा.”

हेमलतानं स्वतःच्या हाताकडं बघितलं.

“तेच,” नसरीन हळू म्हणाली. “तुमचा हात ताटावर बसून शिकत होता. इतकी वर्षं तुमच्या जिभेकडून शिकला. जीभ बदलल्यावर तो नव्या जिभेकडून शिकायला लागला. दुसरं काय करणार तो? तुम्हाला लसूण करपल्यासारखा वाटला, म्हणून तुम्ही कढई आधी उतरवली. खोबरं काळं होईपर्यंत भाजायचं असतं ना मसाल्याला?”

“कोळशासारखं.”

“या वेळी नाकाला सोसलं नसेल. बदामी झाल्यावरच काढलं असेल. आणि गूळ... गूळ त्या गटाला लागतो.” तिनं यंत्राचा पडदा हेमलताकडं वळवला. त्यावर ठिपक्यांचे पुंजके होते आणि एका पुंजक्याच्या पोटात एक लाल ठिपका. “ही तुमची डाळ. बरोबर गट सातच्या मध्यावर आहे. कारखान्यातली आमची स्वतःची डाळ इतकी नेमकी बसत नाही.”

हेमलता त्या ठिपक्याकडं बघत राहिली. घरातल्या चुलीवर, नवऱ्यासाठी, कुणी न सांगता तिनं परक्या बाजाराचा माल केला होता.

“ठरवून खोबरं काळं केलं, तरी बाकीची चिमूट हात चोरूनच घालणार. माझी जीभ परत लाव,” ती म्हणाली. “जी होती ती.”

नसरीननं डोळ्यांवरचा चष्मा काढला. “ती आमच्याकडं नाही.”

“आधी पट्टी घेतली होती की! तूच ठेवलीस जिभेवर.”

“घेतली होती. पण कंपनी सगळं जपत नाही, काकू. प्रत्येक जीभ कुठल्या गटापासून किती लांब, एवढंच जपते. तुमची सगळ्यांपासूनच लांब होती. ती नेमकी कशी होती ते पुसलं गेलं.”

“मग गावातल्या कुणाचीही घे! रस्त्यानं निम्मं रावेर चाललंय. शेजारच्या सिंधूबाईची घे, समोरच्या वाण्याची घे.”

“नकाशा मी करीन. जेल इथं बनत नाही, बाहेरदेशी बनतं. आणि ते फक्त उघडलेल्या गटाचंच बनतं. आपल्या जिभेचा गट कुणी उघडलेलाच नाही.”

“का?”

नसरीनला उत्तर माहीत होतं. तिनं पडदा बंद केला. “केसकरसाहेबांना भेटा,” म्हणाली.

*

केसकरनं सगळं ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं.

“हेमलताताई, मी लपवत नाही. इथले लोक आपले गिऱ्हाईक नाहीत. ते घरीच डाळ करतात, त्यांना आपलं पाकीट कशाला? गट उघडायचा तर बाहेरदेशी ती जीभ पुरेशी पाहिजे आणि विकत घेणारी पाहिजे. तसं दाखवा, मी आज वर बोलतो.”

“आणि नाही दाखवलं तर माझा माणूस उपाशी मरेल.”

“डॉक्टर पोटातून नळी घालतात हल्ली...”

“तो नाही म्हणतो!” ती ओरडली. “बळजबरी करू त्याच्यावर? हातपाय बांधू?”

केसकरनं मान खाली घातली. “दाखवा मला गट,” तो पुन्हा म्हणाला. त्याच्या हातात तेवढंच होतं.

तिची मुलगी पूर्वा मेलबर्नला होती. हेमलतानं तिला फोन लावला. पूर्वानं रडून घेतलं आणि मग कामाला लागली. आपल्या भागातली माणसं कुठं नाहीत? टेक्सासला आहेत, टोरांटोला आहेत, दुबईला आहेत. समाजाचे फोनवरचे सगळे गट तिनं पिंजून काढले. हेमलतानं स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला: बाबांनो, तुमच्या आईच्या हातची घुटलेली डाळ आठवत असेल तर एक पट्टी जिभेवर ठेवा. माझ्या घरातल्या माणसाचा जीव त्यावर आहे.

लोक धावून आले, हे खोटं नाही. पट्ट्या मागवल्या, फोनसमोर बसले. कितीतरी जणांनी उलट निरोप धाडले. टोरांटोचा एक झोपे नावाचा माणूस डाळीचं नाव काढून हुंदके द्यायला लागला आणि मागून त्याची बायको म्हणत होती, “अहो, पुरे, पोरं बघताहेत.” हेमलता ते निरोप डिगंबरच्या उशाशी बसून लावायची.

“ऐका, जगभर पोहोचली तुमची डाळ.”

“मला सोडून,” तो म्हणाला. अंगात बळ नव्हतं, पण टोमणा मारायला पुरेसं होतं. “गट सातच्या पाटलीणबाई, मेल्यावर मला तरी नीट गटात घाला. नाहीतर तिकडंही चुकीच्या रांगेत उभा करतील.”

“गप बसा.”

“बसतो. तेवढंच जमतंय.”

नकाशा तयार झाल्यावर नसरीननं तिला बोलावलं. पडद्यावर निळे ठिपके पसरले होते. ज्वारी पेरताना मूठ निसटावी तसे. कुठं पुंजका नव्हता. काही गट चारमध्ये, काही नऊमध्ये, पुष्कळसे सातमध्ये.

“ही सगळी माणसं आपली आहेत, काकू. जिभा मात्र जिथं राहतात तिथल्या झाल्या. चव अर्धी रक्तातून येते आणि अर्धी रोजच्या ताटातून. त्यांचं ताट बदलून वर्षं झाली.”

“रडत होते ते.”

“रडत होते ते खरंच. पण उद्या तुमची जुनी डाळ त्यांच्यापुढं ठेवली तर म्हणतील, कडवट आहे.”

“पूर्वा कुठं आहे यात?”

नसरीननं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. गट सात. हेमलताच्या आताच्या जिभेला अगदी चिकटून.

तिकडं ऑस्ट्रेलियात रात्र झाली होती, पण पूर्वा जागी होती. हेमलतानं तिला फोनवर ते सांगितलं. पूर्वा म्हणाली, “आई, म्हणजे तू आता करतेस ती डाळ मला आवडेल.”

हेमलताला हसावं की फोन भिंतीवर आपटावा, कळेना.

*

गट नव्हता. तरी केसकरचाच फोन आला. त्यानं ठिपके पाहिले नव्हते, निरोप ऐकले होते. सगळे, एकामागून एक.

“ताई, आपण चुकीच्या ठिकाणी गट शोधत होतो. जिभांचा गट नाही, पण आठवणीचा आहे. ही माणसं एकाच गोष्टीसाठी रडतात. ते डाळ विकत घेणार नाहीत, आई विकत घेतील. वरच्यांना पटलंय. नाव ठरलं, ‘माहेर’. गट उघडतोय.”

“म्हणजे जेल येईल?”

“येईल. नमुना तुम्हीच. आणि खोक्यावर तुमचा फोटो लावायचा म्हणतात. डोक्यावर पदर चालेल ना?”

“मुंडकं कापून लावा,” हेमलता म्हणाली. “जेल कधी येतंय ते सांगा.”

जेल आलं तेव्हा नसरीननं ती बाटली हातात धरून ठेवली, देईना.

“आधी ऐका. ही तुमची जीभ नाही. त्या लोकांच्या आजच्या जिभा आणि त्यांना आठवते ती चव, यांचा मध्य काढून हे बनवलंय. त्यांना वाटते तशी ही तुमची जीभ आहे. जवळ येईल, पण किती जवळ ते मला सांगता येत नाही.”

“आतापेक्षा जवळ ना?”

“तसं वाटतंय. आणि दुसरं. बीजपेशी एकदा शिकवण घेतात, दुसऱ्यांदा घेतात, पण थकतात. दुसऱ्यांदा घेतलेली कितीदा नीट धरत नाही. जीभ बोथट होते. कायमची. तिसऱ्यांदा काही करता येणार नाही. काकू, थांबायचं असलं तर आता थांबा.”

“नसरीन, तुझ्या अब्बांनी खाणं सोडलं असतं तर तू थांबली असतीस?”

नसरीननं बाटलीचं झाकण उघडलं.

जेल धरेपर्यंत डिगंबरला शिरेतून अन्न चढवत होते. हेमलता रोज सकाळी आरशासमोर जीभ काढून बघायची, जणू काही दिसणार होतं. हळूहळू चवी बदलायला लागल्या. चहा आधी सपक लागला, मग बरा. एके दिवशी मसाल्याच्या खात्यात खोबरं भाजणं चालू होतं आणि त्या करपट वासानं तिला एकदम सासूच्या ओट्यापाशी नेऊन उभं केलं. ती तिथंच पोत्यावर बसली आणि तिला वाटलं, आली. परत आली.

तिनं नवा मसाला कुटला. घरी येऊन डाळ शिजायला टाकली, घुटली. फोडणीत लसूण घातला आणि कानानं ऐकत राहिली. नैवेद्य दाखवला आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याला वाढायच्या आधी, चमचाभर स्वतः घेतली.

अशी डाळ तिनं कधी खाल्ली नव्हती. मांडवातल्या पंगतीसारखी लागली. लहानपण लागलं, सुट्टी लागली, मामाचं गाव लागलं. तिचे डोळे भरून आले. सगळं त्या डाळीत होतं, पण रोजची डाळ अशी लागत नाही. रोजच्या डाळीनं कुणाला रडू येत नाही.

ती वाटी घेऊन आत गेली. डिगंबरला उशीला टेकवून बसवलं. तो वाटीकडं बघत राहिला, मग तोंड उघडलं. तिनं चमचा घातला. त्यानं घास तोंडात घोळवला. गिळला.

“उतरला?”

त्यानं मान हलवली. आणखी एक घेतला. तिसरा घेताना त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, “छान झाली आहे.”

हेमलताचा हात चमच्यासकट थांबला. लग्न झाल्यापासून या माणसानं तिच्या कुठल्याही पदार्थाला छान म्हटलं नव्हतं. खाल्लं की उठायचा. बिघडलं तरच बोलायचा. छान हे तो दुसऱ्याच्या घरी जेवल्यावर म्हणायचा, उठताना, हात पुसत, त्या घरच्या बाईला बरं वाटावं म्हणून.

“खरं सांगा,” ती म्हणाली.

“खरंच. चांगली आहे.” त्यानं डोळे मिटले. “पाहुण्यांना वाढ.”

वाटी तिनं खाली ठेवली. मग तिला रडू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली आणि डिगंबर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. विजेच्या तारांनी खरबरीत झालेला तो हात आता पाखराएवढा हलका झाला होता.

“किती खटपट केलीस,” तो म्हणाला. “तिकडं टोरांटोच्या माणसाला रडवलंस. पोरीला रडवलंस. आता तू.”

“मला दुसरं काही येत नाही. काय करू सांगा. मी काय करू?”

त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

“ती पोटातली नळी म्हणतात ना,” तो म्हणाला. “जिभेवरून नाही जात ना ती?”

“नाही. सरळ पोटात.”

“मग लाव म्हण त्यांना. जिभेचं भांडण जिभेपाशीच राहू दे.”

*

जळगावला नळी बसवली आणि तो घरी आला. ‘माहेर’ परदेशी जोरात चाललं. खोक्यावरची पदर घेतलेली हेमलता मेलबर्नच्या दुकानात पूर्वाला भेटली, आणि पूर्वानं तिचा फोटो काढून धाडला. पण त्या जेलचं नसरीन म्हणाली तेच झालं. चवी थोडे दिवस पेटल्या आणि विझत गेल्या. आधी गोड गेलं, मग तिखट, मग खारट. केसकरनं दुसरी नमुना नेमली आणि हेमलताला पाकिटं भरण्याच्या खात्यात घेतलं.

दवाखान्यानं नळीतून द्यायची पांढरी पूड दिली होती. ती हेमलता सकाळी द्यायची. दुपारी मात्र ती उडदाची डाळ शिजवायची, घुटायची, फोडणी द्यायची, फडक्यातून दोनदा गाळून पाण्यासारखी पातळ करायची. आपण काय करतोय ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. पोटाला लसूण कळत नाही.

डिगंबर उशीला टेकून बसायचा. ती नळीचं टोपण काढायची, मोठ्या पिचकारीत डाळ ओतायची आणि हात उंच धरून सावकाश सोडायची. वाफेचा वास दोघांच्या मधे उभा राहायचा.

त्या दिवशी अर्धी पिचकारी गेली असेल. डिगंबरनं डोळे मिटले होते. त्याचा जबडा किंचित हलायला लागला. रिकाम्या तोंडात तो काहीतरी चावत होता, घोळवत होता. गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं. हेमलतानं पिचकारी खाली घेतली नाही.

“लसूण करपवलास,” तो म्हणाला. डोळे मिटलेलेच.

“नाही करपला.”

“करपलाय. कडवट आलंय सगळ्या डाळीला. लक्ष कुठं असतं तुझं?”

“सोनेरी झाल्याबरोबर उतरवली मी कढई. डोळ्यांनी बघितलं.”

“डोळ्यांनी काय कळतं? मी खातोय ना.”

पातेल्यात तळाशी थोडी डाळ राहिली होती. हेमलतानं मोकळ्या हाताचं बोट त्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. कोमट होती. ओली होती. त्यापुढं तिला काही लागलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “जरा करपलाय.”